लाल ढाल, निळा भोवरा आणि पोंक

संगणकाचे मोठे मोठे प्रोग्राम बनवणारे हुशार लोक एका हिवाळ्यात रोज दुपारच्या चहानंतर माझ्या एका बोटाची वाट बघत उभे असायचे. ते बोट नुकतंच चहाची गाळणी धुऊन आलेलं असायचं, त्यामुळे स्क्रीनला ते बोट आहे की भेंडी हेच कळायचं नाही, आणि हुशार लोक मला आधी हात पुसून यायला सांगायचे.

आठवायचं कारण पोंक. सुरतेत थंडी पडली की तापीच्या काठाला पोंकाच्या हाटड्या, म्हणजे टपऱ्या, लागतात. आम्ही खान्देशातले लोक ह्याला हुरडा म्हणतो आणि शेतात बसून फुकट खातो. इथं तो पोंक होतो आणि रांगेत उभं राहून घ्यावा लागतो. कोवळी ज्वारी निखाऱ्यात भाजायची, गरम असतानाच कापडात घालून बडवायची, की हिरवा दाणा टपटप सुटतो. वर लिंबू-मिरीची शेव. दाणा चावला की आधी धूर लागतो, मग दूध लागतं. परवा संध्याकाळी पुलावरून रिक्षा जाताना तो वास आत आला आणि मला एकदम ऑफिसमधला कीबोर्ड आठवला. आता पोंकावरून लोकांना गाव आठवतं, आई आठवते. मला कीबोर्ड आठवला. माझं सगळं असंच असतं.

आधी एक सांगून टाकतो. हे मी लिहिलेलं नाही. मी शाळेत गेलो होतो, पण शाळा माझ्यात आली नाही. मी फोनला बोलतो, फोन लिहितो. काही चुकलेलं दिसलं तर फोनचं समजा. बरं दिसलं तर माझं.

तो हिवाळा सुरतेतल्या पर्वत पाटिया भागातल्या एका इमारतीत गेला. खाली सगळं साड्यांचं मार्केट. दिवसभर पार्सलं बांधायची चिकटपट्टी टर्रर वाजायची, आणि जिन्यात नव्या साडीचा वास, खळ आणि प्लास्टिक मिळून येतो तो. सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मी तिथं चहा, पाणी आणि झाडू. माझी भाची कोमल तिथं संगणकावर. आम्ही राहतो त्या डिंडोलीतल्या लोकांना वाटायचं मामानं भाचीला कामाला लावलं. मीही ते वाटू द्यायचो. खरं तर तिचं काम आधी लागलं, मग शेठला चहावाला पाहिजे होता तेव्हा तिनं मला लावलं. ती मामा म्हणायची म्हणून सगळं ऑफिस मामा म्हणायला लागलं. शेठ माझ्यापेक्षा वयानं मोठा, तोही मामा.

त्याआधी मी लूमवर, कापड विणायच्या खात्यात होतो. डाव्या कानानं ऐकू येत नाही, ते तिथलं. साधे संचे होते तोवर माझं बरं चाललं होतं. आडवा धागा नेणारा धोटा कधी अडकणार हे मला आवाजावरून आधीच कळतं, अशी मी फुशारकी मारायचो. माझ्याच संच्याचा धोटा सगळ्यात जास्त अडकायचा, म्हणून कानाला सवय झाली होती, एवढंच. मग पाण्यावर चालणारे संचे आले, मग आणखी कुठले आले. खातेवाले शेठ लोक चहा पिता पिता भांडायचे, हा संचा भारी की तो भारी. भांडण संचांचं होतं, पण गेटच्या बाहेर मी आलो. माझे हात एकाच संच्याला शिकलेले होते. दुसऱ्या संच्यासमोर उभे राहिले की ते लग्नातल्या नवऱ्याच्या बापाच्या हातांसारखे नुसते लटकत राहायचे.

तर संगणकातही संचे असतात हे मला त्या ऑफिसात कळलं.

आमच्या शेठला एक भारी वेबसाइट बनवायची होती. नुसते फोटो लावलेली नाही. दुकानदारानं आपल्या गावात बसून फोन उघडायचा, साडीचं अंग एका रंगाचं घ्यायचं, काठ दुसरा, पदर तिसरा, बोटानं ओढून लावायचा, की समोर ती साडी नेसलेली बाई गर्रकन वळून दाखवणार. असलं नाटक करणारी वेबसाइट बनवायला वेगवेगळी हत्यारं मिळतात. ती कोणी कोणी बनवलेली असतात, आणि प्रत्येकाचे भक्त असतात. मला नावं लक्षात राहत नव्हती, मी त्यांना खुणेवरून ओळखायचो. कोमलच्या हत्याराची खूण होती लाल ढाल. मितुल नावाचा वराछ्याचा गुजराती पोरगा होता, त्याच्या हत्याराची खूण निळा भोवरा. दोघांच्या लॅपटॉपवर मागे ती खूण चिकटवलेली, ट्रकच्या मागे देव चिकटवतात तशी.

फरक काय, ते मी कोमलला विचारलं होतं. ती म्हणाली, "मामा, लाल म्हणजे थाळी. वाढून येतं. भात, भाजी, चटणी सगळं त्यांनी ठरवलेलं. बसायचं आणि जेवायचं."

"आणि निळा?"

"फरसाणाचं दुकान. पाहिजे ते पाहिजे तेवढं तोलून घ्या आणि आपलं आपण ताट लावा."

मला दोन्ही ऐकून भूक लागली. बाकी काही कळलं नाही.

ते दोघं मात्र ह्यावरून रोज भांडायचे. मी चहा घेऊन गेलो की भांडण ऐन रंगात असायचं. मितुल म्हणायचा, "तारुं तो हाथी छे, हाथी! उघडायलाच अर्धी दुपार जाते."

"हत्ती आहे, पण घर ओळखतो," कोमल म्हणायची. "तुझी बकरी आहे. आज इथं चरते, उद्या तिथं."

"बकरी डोंगर चढते."

"आणि कसाईच्या हाती कोण लागतं?"

मग दोघं हसायचे आणि माझ्या हातातला एकच कप दोघं एकदम ओढायचे. मी मनात म्हणायचो, आमच्या खात्यातले शेठ संच्यावरून भांडायचे तेव्हा एकमेकांच्या आईपर्यंत जायचे. हे शिकलेले लोक, जनावरावर थांबतात.

शेठ मूळचा साडीवाला. त्याची मार्केटची रीत होती. नवी डिझाइन आली की ती एकाच विणकराला द्यायची नाही. दोन ठिकाणी द्यायची, दोन्हीकडून नमुना घ्यायचा, आणि एक ठेवायचा. त्यानं तेच इथं केलं. तीच वेबसाइट कोमलला लाल ढालीत करायला सांगितली आणि मितुलला निळ्या भोवऱ्यात. लग्नाचा सीझन संपेपर्यंत मुदत. आणि जाता जाता सांगितलं, नंतर एकच खुर्ची ठेवीन. ज्याचं चालेल तो बसेल.

कोमलचे वडील शहाद्याला. दर रविवारी त्यांचा फोन. त्यांचं म्हणणं साधं होतं. खुर्ची आहे तोवर सुरत, खुर्ची गेली की सामान बांधून घरी. मुलगी मामाकडे राहते ती कामासाठी, काम नाही तर मामाकडे काय करायचं? मला त्याला उत्तर द्यायचं असायचं, पण मेव्हणे शिकलेले आहेत, त्यांच्यासमोर माझी जीभ खिशात जाते. मी नुसतं हो हो म्हणायचो आणि फोन बायकोला द्यायचो. आम्हाला मूलबाळ नाही. कोमल आल्यापासून आमच्या खोलीत कोणीतरी चप्पल शोधायचं, कोणीतरी आंघोळीला वेळ लावायचं, कोणीतरी आमटीला नावं ठेवायचं. एवढ्या आवाजाची सवय लागली होती. लूमचा आवाज गेला तेव्हा बरं वाटलं होतं. हा गेला तर मला उजव्या कानाचाही काही उपयोग राहिला नसता.

आता माझं बोट कुठून आलं ते सांगतो. शेठ म्हणाला, ही वेबसाइट वापरणारे दुकानदार काही कॉलेजातून आलेले नाहीत. तपासायची तर सगळ्यात मठ्ठ माणसाकडून तपासा. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कोणी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. डिंडोलीच्या ओट्यावर मी सांगितलं की मला टेस्टिंगचा हेड केलंय. हेड काय करतो असं कोणी विचारलं नाही, बरं झालं.

रोज चहा झाला की ट्रेमध्ये दोन फोन ठेवायचे. एकात लाल, एकात निळा. नियम असा की मी चालवत असताना कोणी बोलायचं नाही. खूण करायची नाही. मी काय दाबतो ते बघायचं आणि लिहून घ्यायचं. आणि मी काय दाबेन हे देवालाही ठाऊक नसायचं. पहिल्या दिवशी साडी नेसलेली बाई वळली तेव्हा मी तिला नमस्कार केला. मधे ते गोल गोल फिरत राहतं ना, थांबा म्हणून, ते मला साडीवरचं बुट्टीकाम वाटलं. मी म्हणालो, बुट्टी छान आहे. लाल ढाल उघडायला वेळ लागायचा, त्यामुळे ती बुट्टी मी खूप वेळ बघितली. कोमलनं ओठ दाबून धरले होते. मितुल खिडकीकडे तोंड करून हलत होता.

चौकट आली आणि दोन बटणं आली की मी हिरवं दाबायचो. वाचता येत नाही, पण हिरवा रंग शुभ असतो एवढं कळतं. त्या हिरव्यानं एकदा मितुलच्या सगळ्या साड्या पुसल्या गेल्या. तो डोकं धरून बसला. मी त्याला पाणी दिलं. माझ्याकडे तेवढंच खातं होतं.

पोंक तेव्हाच यायचा. शेठ सीझनला उदार व्हायचा. संध्याकाळी दोन मोठे पुडे यायचे, टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, मधे पोंकाचा ढीग, बाजूला शेव आणि लसणाची चटणी. हे लोक खायचे आणि त्याच हातानं टायपिंग करायचे. सकाळी मी झाडू मारायला गेलो की कीबोर्डच्या बटणांच्या मधे हिरवे दाणे. मी ते उदबत्तीच्या काडीनं काढायचो. कोमलच्या कीबोर्डमध्ये कमी निघायचे. ती खाताना हात वर धरायची, पुढे काय लिहायचं त्याचा विचार करत. दाणे तिच्या ओढणीत सापडायचे.

चलथाणच्या बाजूनं वारा असला की साखर कारखान्याचा मळीचा वास दिवस कलायला लागला की इथपर्यंत यायचा. त्यात मार्केटची खळ, त्यात पोंकाचा धूर. मी गच्चीवर बसून एवढं सगळं हुंगायचो आणि वाटायचं की इतक्या गोष्टी एकाच वेळी पिकतात, भाजतात, उकळतात, आणि वर बसलेली ही दोन पोरं जे बनवतात त्याला वासच नाही. हात लावला तर काच. पण भांडतात तर जीव तोडून. हत्यार बनवणारे तिकडे परदेशात कुठंतरी झोपलेले असतील. त्यांना माहीतही नसेल की पर्वत पाटियाला त्यांच्यावरून एकाची खुर्ची जाणार आहे.

त्या हत्यारांचं आणखी एक. ती शांत बसत नाहीत. महिना-दोन महिन्यांत नवी आवृत्ती. एका सकाळी मितुलचा स्क्रीन चुकांनी लालेलाल. काल चालत होतं ते आज चालेना. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, "मामा, अपडेट आव्युं." पाहुणे आलेत असं सांगावं तसं. कोमलला आनंद व्हायला पाहिजे होता. ती खुर्ची सरकवून त्याच्याशेजारी जाऊन बसली, दोघं डोकं घालून शोधत राहिले, आणि मी दोघांना एकाच ट्रेमधून चहा दिला. मला तेव्हा ते आवडलं नाही. मी तिला जिन्यात म्हणालो, "त्याला कशाला मदत करतेस? आपली खुर्ची आहे."

"मामा, तू फक्त हिरवं बटण दाब," ती म्हणाली.

उत्तराणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, ऑफिस बंद, पण हे दोघं आले. शेठनं गच्चीवर पतंगांचा गठ्ठा ठेवला होता. दिवसभर आभाळात कागद आणि कानात पिपाण्या. इंटरनेटची तार गच्चीवरून गेली होती, तिच्यात कोणाचा तरी मांजा अडकला आणि खाली नेट गेलं. मग काय, लाल ढाल बंद, निळा भोवरा बंद, आणि दोन्ही महारथी वर पतंग उडवायला. मितुल वराछ्याचा, जन्मल्यापासून पतंग. कोमलनं फिरकी माझ्याकडे दिली होती. मी ढील द्यायची तिथं ओढली आणि ओढायची तिथं ढील दिली. शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!" ओरडले तेव्हा मला वाटलं आपण कापला. मीही ओरडलो. आमचाच पतंग डोलत डोलत कापड मार्केटच्या मागे जात होता, आणि मी नाचत होतो. कोमल उन्हात डोळे बारीक करून तो जाताना बघत राहिली. मग फिरकी माझ्या हातातून काढून घेतली.

कोमलनं तेव्हा एक नवी गोष्ट केली होती आणि तिला तिचा फार अभिमान. दोन बोटं साडीवर ठेवून लांब केली की कापड जवळ येतं, इतकं जवळ की धागान् धागा दिसतो. बोटं जवळ आणली की परत लांब जातं. मी बघितलं तर माझ्या अंगावर काटा आला, खात्यात वाकून बघायचो तसंच दिसत होतं. मितुलनंही हे करायचं ठरवलं होतं. पण पतंग आले, मग पतंगांनंतरचा आळस आला. त्याचं ते राहून गेलं.

आणि शेवटी तो दिवस आला. शेठ स्वतः खुर्ची घेऊन बसला. टेबलावर दोन सारखे फोन. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्या गडबडीत डबा घरीच राहिला होता.

माझ्या मनात एकच. आज लाल ढाल जिंकवायची. आता माझी गंमत बघा. अख्खा हिवाळा रोज तेच तेच दाबून मला दोन्ही वेबसाइट तोंडपाठ झाल्या होत्या. मी पहिला फोन घेतला आणि पेटीवाला भजनात बसतो तसा चालवला. रंग, काठ, पदर, बाई वळव. दुसरा घेतला, तोही तसाच. मधे ते गोल फिरायला लागलं तर मी शेठला म्हणालो, "थांबा, सर्व्हरवरून येतंय." केवढ्या रुबाबात. मला वाटलं आता टाळ्या.

शेठनं कपाळाला हात लावला. "आ तो भणी गयो!"

हा तर शिकला, असं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी शिकलेला म्हटलं, आणि त्याच वाक्यात कामावरून काढलं. शेठ म्हणाला, ह्याचा आता काही उपयोग नाही, एकदम अभण माणूस पाहिजे. कोरा.

आणि त्याच वेळी दारात माझी बायको. डबा घेऊन.

ती डिंडोलीत घरोघर साड्या विकते, खालच्या मार्केटमधून नेते आणि गल्लीत दाखवते. फोन फक्त उचलायचा आणि ठेवायचा, तेवढाच येतो. शेठचा चेहरा असा उजळला, जसं पोंकाचं पहिलं पोतं उतरलं. "बेन, तमे आवो. बसो."

तिनं हात पदराला पुसले आणि बसली. कुठला फोन कोणाचा, तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पहिला कोमलचा. मी शेठच्या मागे उभा राहून तिला डोळ्यानं सांगायला लागलो. ह्याला चांगलं म्हण. हाच. हा.

ती मान वर करून भर ऑफिसात म्हणाली, "तुमना डोयाले काय व्हयनं? कचरा गया का?"

मितुल खोकला. मी डोळा चोळला. काय करणार?

तिनं रंग लावला, काठ ओढला. बाई वळली. "दखा, कितली मस्त शे," असं म्हणाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण साडीवाली बाई ती. मार्केटमध्ये साडी कोणी डोळ्यानं बघत नाही. ती अंगठा आणि बोट ह्यांच्या चिमटीत धरतात, चोळतात, मग भाव विचारतात. मी ते कधी केलं नव्हतं, कारण साडी घेताना मी फक्त पिशवी धरतो. तिनं सवयीनं स्क्रीनवरच्या पदराशी चिमूट घेतली आणि चोळली.

साडी लहान झाली. तिनं आणखी चोळली. बाई मोहरीएवढी झाली, आणि मग स्क्रीन पांढरा.

"हाई मांय! बाई कोठे गई?"

कोमल जागची हलली नाही. नियम होता, बोलायचं नाही.

दुसरा फोन. तीच चिमूट. काहीच झालं नाही. मितुलनं ते केलंच नव्हतं, तर होणार काय? साडी जिथल्या तिथं. बायकोनं परत चोळलं, साडी घट्ट उभी. तिनं मान हलवली, चांगल्या कापडाला हलवतात तशी. "हाई टिकाऊ शे."

लाल ढाल आणि निळा भोवरा, एवढ्या दिवसांचं भांडण, हत्ती आणि बकरी, थाळी आणि फरसाण. आणि जिंकलं ते राहून गेलेलं काम. मी नंतर कधी कधी ह्याचा विचार करतो. आमच्या खात्यात जे संचे जिंकले तेही कशावर जिंकले असतील कोण जाणे. एखाद्या शेठच्या बायकोनं रंग बघितला असेल.

कोमलनं उठून मितुलला हात दिला. त्याला तो घ्यावा की नाही कळेना. मग तिनं लॅपटॉप मिटला. आज तिथं एकही दाणा नव्हता, मी सकाळीच साफ केला होता.

परत जाताना रिक्षात आम्ही तिघं. मी बायकोला सांगितलं, पहिला कोमलचा होता. डिंडोलीचा पूल आला तेव्हा ती माझ्याकडे वळली. "मंग आधी सांगानं ना!"

"सांगत होतो की. डोळ्यानं."

"डोयानी सांगस का कोनी? तोंड काय भाड्यानी देयेल व्हतं?"

कोमल बाहेर बघत होती. मला वाटलं रडते. वाकून बघितलं तर हसत होती. पण मला धीर आला नाही. रविवारी शहाद्याचा फोन येणार होता आणि तिची बॅग माळ्यावरून खाली काढलेली मी बघितली होती.

बॅग तशीच राहिली. सोमवारी ती सकाळी तयार झाली, डबा भरून घेतला आणि रिंग रोडकडच्या एका दुसऱ्या ऑफिसात कामाला गेली. कसं जमलं ते मी विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे. मी त्या आठवड्यात आमच्या इमारतीखालच्या पानवाल्याकडे शब्द टाकला होता. पानवाल्याच्या साडूचा त्या बाजूला गाळा होता. झालं, माझं गणित बसलं. तेव्हापासून मी ओट्यावर सांगत आलोय की पोरीला दोन्ही वेळा मीच लावलं.

आता त्या ऑफिसच्या जागी ब्लाउजपीसचं गोडाऊन आहे. शेठची ती गर्रकन वळणारी बाई दुकानदारांनी थोडे दिवस वळवून बघितली. मग ते परत फोनवर साडीचा फोटो मागवायला लागले आणि खाली विचारायला लागले, भाव? मितुल बडोद्याला गेला. निळा भोवरा अजून फिरतो म्हणतात, लाल ढालही आहे कुठं कुठं, आणि मधे हिरवी, नारिंगी, आणखी कुठल्या कुठल्या खुणा येऊन गेल्या. कोमलच्या लॅपटॉपच्या मागे आता काहीच चिकटवलेलं नाही. ती म्हणते आता तर मशीनला नुसतं बोलायचं, काय पाहिजे ते, की ती वेबसाइट बनवून देते. मी म्हणालो, मग मीही बनवतो, बोलायला मला कुठं शाळा लागते? ती म्हणाली, बोलायला नाही लागत मामा, काय पाहिजे ते ठाऊक असायला लागतं.

परवा पोंकाचा वास आला तेव्हा मी रिक्षा थांबवली. पुडे घेतले, घरी आणले, ओट्यावर शेजारी बसले होते त्यांना वाटले. थंडी होती, पोंक गरम होता, माणसं ऐकायला तयार होती. मी सुरू केलं. शेठ, दोन फोन, माझा इस्त्रीचा शर्ट. म्हणालो, त्या दिवशी मी जरा मठ्ठ राहिलो असतो तर कोमल आज तिथं मॅनेजर असती. पण मी हिंमत सोडली नाही. एका शब्दावर पोरीला दुसरीकडे बसवली.

कोमल कामावरून आली होती, दारात चप्पल काढत होती. तिनं माझ्या पुड्यातला मूठभर पोंक घेतला.

"कोणाच्या शब्दावर?"

"माझ्या. पानवाल्याकडे टाकला होता ना."

"मामा, मी उत्तराणच्या आधीच तिकडे मुलाखत देऊन आले होते. सगळा हिवाळा मितुल मला निळं शिकवत होता आणि मी त्याला लाल. एकच खुर्ची म्हटल्यावर दोघांनी दोन्ही शिकून घेतलं. त्या दिवशी कोणाचं चालतं ह्याच्याशी आम्हाला काही घेणं नव्हतं."

ओट्यावर सगळे चघळत होते. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

तिनं दाणे तोंडात टाकले.

"तुला सांगून काय होणार होतं? तुझ्यावर विसंबून बसले असते ना मामा, तर आज शहाद्याला पापड लाटत असते."